आज्ञापालन आणि श्रवण : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराची पार्श्वभूमी

'मूल ऐकत नाही' असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा त्या मुलाच्या कानांत दोष आहे असे आपल्याला सुचवावयाचे नसते. सांगितलेले ते मानत नाही, एवढेच आपल्या मनात असते. ऐकणे आणि मानणे ह्या दोन क्रिया मराठीने एकाच क्रियापदात सामावून घेतल्या आहेत. संस्कृतातही 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. त्यातून आज्ञाधारकपणा, त्यातून सेवा आणि शेवटी मराठीत रुग्णाची सेवा, असा त्या शब्दाचा प्रवास झालेला दिसतो. बायबलच्या मूळ भाषांचा परिचय करून घेताना प्रस्तुत लेखकाला नेमकी हीच गोष्ट तेथे भेटली, तेव्हा आश्चर्य वाटल्यावाचून राहिले नाही. हिब्रू भाषेत 'शामा' हे क्रियापद ऐकणे आणि आज्ञा पाळणे अशा दोन्ही अर्थांनी येते. नव्या करारातील आज्ञापालनाचा ग्रीक शब्द 'हिपाकोए' हाही ऐकणे ह्या अर्थाच्या धातूपासूनच सिद्ध झालेला आहे. शलमोन राजा देवाजवळ शहाणपण मागतो त्या प्रसंगी मूळ हिब्रूत 'ऐकणारे हृदय' असे शब्द आहेत. भाषांतरांत त्याचे बहुधा 'समंजस' किंवा 'विवेकी' हृदय होते आणि ऐकण्याचा धागा तुटतो.

हा केवळ व्युत्पत्तीचा विलास नव्हे. आज्ञापालन म्हणजे ऐकणे असेल, तर ज्याला ऐकू येत नाही, अथवा ज्याला ऐकू दिले जात नाही, त्याच्याकडून आज्ञापालनाची अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? आणि ऐकलेले समजलेच नाही, तर जे उरते त्याला आज्ञापालन म्हणावयाचे की निव्वळ मान तुकवणे? बायबलमधील शहाणपण नित्याच्या आचरणात कसे उतरवावे, ह्या विषयावर उपदेशपर लेखन विपुल झाले आहे; परंतु त्या उपदेशाच्या तळाशी असलेला हा प्रश्न आपल्या प्रदेशात एका व्यक्तीने स्वतःच्या आयुष्याच्या मोलाने विचारला. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांनी केलेल्या मराठी बायबलाचा विचार समीक्षकांनी आजवर मुख्यतः भाषाशैलीच्या अंगाने केला. ते भाषांतर म्हणजे आज्ञापालनासंबंधीच्या एका दीर्घ वादाचे उत्तर आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

ख्रिस्ती वचन मराठीच्या कानी घालण्याचे प्रयत्न रमाबाईंच्या पूर्वीच सुरू झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांनी ओवीचा आश्रय केला, कारण येथला श्रोता पुराण ऐकण्यास सरावलेला होता. पुढे श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला; मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचे आपले भाषांतर प्रसिद्ध केले. ह्या सर्व प्रयत्नांचे ऋण मोठे आहे. तथापि सांगणारा आणि ऐकणारा ह्यांच्यातील अंतर त्यांत कायम राहिले, हेही मान्य करावयास हवे. सांगणारा परदेशी आणि अधिकारी, ऐकणारा एतद्देशीय आणि शिकाऊ, ही मांडणी बदललेली नव्हती. ती उलटी करण्याचे कार्य ज्या स्त्रीकडून व्हावयाचे होते, ती संस्कृत परंपरेतून आली.

अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी रूढीचा विरोध पत्करून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर तीर्थयात्रा करीत हिंडले. दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेल्यावर रमाबाई आपले बंधू श्रीनिवास ह्यांच्यासह १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. तरीही स्त्रीने वेद वाचू नये, हा निर्बंध त्यांच्या मनावर पक्का होता. वेदाची प्रत हाती ठेवून ती वाचण्याचा आग्रह प्रथम केशवचंद्र सेन ह्यांनी धरला, असे रमाबाईंनी आपल्या १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. ज्या ग्रंथांच्या नावाने स्त्रीवर आज्ञा लादल्या जात, ते ग्रंथ उघडण्याचाच तिला अधिकार नव्हता. अशा स्थितीत तिच्या आज्ञाधारकपणाला नैतिक मोल कितीसे असणार? रमाबाईंच्या पुढील सर्व बंडाचे बीज ह्या विसंगतीत आहे.

१८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी त्यांचा नोंदणी-विवाह झाला. आसामातील सिल्चर येथील घरात त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची एक लहान पुस्तिका आली. ती बंगाली भाषेत होती. रमाबाईंना बायबल प्रथम भेटले ते असे: एका भारतीय भाषेत, घरातल्या पुस्तकांच्या कपाटात, कोणी आज्ञा करणारा समोर नसताना. ही गोष्ट लहान वाटली तरी अर्थपूर्ण आहे.

पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्या कन्या मनोरमेसह पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्त्रियांनी स्वावलंबी व्हावे, विद्या मिळवावी असा आग्रह आहे. त्याचबरोबर पत्नीच्या कर्तव्यांचा परंपरागत उपदेशही आहे. त्याची भाषा संस्कृतप्रचुर, शास्त्रीबोवांना मानवेल अशी. ज्या स्त्रियांसाठी पुस्तक लिहिले त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना ते ऐकूनही समजले नसते. आज्ञापालनाची जुनी कल्पना आणि जुनी भाषा येथे एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. चाळीस वर्षांनंतरच्या बायबलाशी ह्या पुस्तकाची तुलना केली म्हणजे लेखिका किती दूरवर चालत गेली ते कळते.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन ह्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ह्यांना त्या 'आजीबाई' म्हणत. ह्या आजीबाई आणि त्यांची ही धर्मकन्या ह्यांच्यातील पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन ह्यांनीच जपून संकलित केला आणि तो अ. भि. शहा ह्यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकातील भारतीय वैचारिक इतिहासातील हा एक असामान्य दस्तऐवज आहे. वाद वरवर पाहता सिद्धांतांचा आहे: त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची परंपरा. परंतु खरा तंटा आज्ञापालनाचा होता. सिस्टर जेराल्डिन ह्यांच्या मते नवदीक्षित स्त्रीने प्रथम मान्य करावे, समज मागाहून येईल. रमाबाईंचे म्हणणे नेमके उलट होते. येथल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर तसेच दुसरे जोखड, केवळ ते ईश्वराच्या नावाने पुढे केले म्हणून, आपण घेणार नाही. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी १८८५ मध्ये लिहिले. सिस्टर जेराल्डिन ह्यांना त्यात अहंकार दिसला. वाचकाला आज त्यात दुसरे काही दिसेल. पण आजीबाईंची वेदनाही खोटी नव्हती, हे विसरता कामा नये. शिस्तबद्ध संघात जिचे आयुष्य गेले, तिच्या दृष्टीने आज्ञापालन हे प्रेमाचेच रूप होते.

ह्या वादातील एक तपशील भाषांतरकाराने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, ही गोष्ट रमाबाईंना मान्य नव्हती. अक्षरेच हवीत तर ती संस्कृत का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. न कळणाऱ्या पवित्र भाषेसमोर नतमस्तक होणे त्यांना ठाऊक होते. ते पुन्हा वेगळ्या लिपीत करावयाचे नव्हते. चेल्टनहॅम महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील ह्यांनी मात्र हुकूम न करता चर्चा केली. रमाबाई त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलल्या, आणि जे पटले ते त्यांनी स्वीकारलेही. शंका विचारणाऱ्याला श्रोता मानावे की बंडखोर, एवढाच काय तो दोन शिक्षिकांमधला भेद. परंतु त्याने केवढा फरक पडला!

अमेरिकेहून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी शारदा सदन उघडले; पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. येथे प्रश्न त्यांच्याच दाराशी आला. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरलेले होते. परंतु आपल्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार बंद करीत नसत आणि काही मुली तेथे येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. उघडे दार हे निमंत्रण असते की केवळ उघडे दार, ह्यावर मतभेद होऊ शकतो. आश्रित मुलीला आश्रयदातीचे मन कळते आणि ते राखावेसेही वाटते, ही टीकाकारांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. ह्याच सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ह्यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या. ऐकूनही आपला मार्ग आपण ठरविणारी मुलगी त्या घरात घडू शकत होती.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो निराधार मुली आणल्या आणि पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. शेती, फळबाग, विणकाम, दुग्धशाळा, छापखाना, अंधांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण अशी त्या वसाहतीची दिनचर्या होती. येथे बायबलमधील 'शहाणपण' ह्या शब्दाकडे पुन्हा वळावे लागते. हिब्रू 'होखमा' हा शब्द तत्त्वज्ञानापुरता मर्यादित नाही. 'निर्गम' ह्या ग्रंथात निवासमंडपासाठी हातांनी सूत काढणाऱ्या स्त्रियांना शहाण्या हृदयाच्या म्हटले आहे. तेथे हातातले कसब हेच शहाणपण. 'नीतिसूत्रे' हा ग्रंथही घर, शेत आणि बाजार सोडून कोठे जात नाही. मुंगीचे कष्ट, आळशाचे अंथरूण, खोटा तराजू, मऊ उत्तराने निवणारा राग हेच त्याचे विषय. आणि शेवटी ज्या स्त्रीचा गौरव होतो ती शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते आणि तोंड उघडते ते शहाणपणाने. ज्यांना अपशकुनी म्हणून घराच्या कोपऱ्यात बसविले होते, त्या स्त्रियांच्या हातांना येथे शहाणपणाचा मान मिळत होता.

ह्या स्त्रियांच्या हाती द्यावयाचे बायबल रमाबाईंना प्रचलित भाषांतरात सापडेना. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची वर्षे भाषांतरास वाहिली. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्ति सदनातील स्त्रियांनीच केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. ज्या संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व होते त्याचाच भार त्यांनी ह्या भाषेवरून उतरविला. वेदान्ताचा आणि पुराणांचा वास असलेले शब्द टाळले आणि अशिक्षित स्त्रीला ऐकताच कळेल अशी मराठी योजिली. वाङ्मयदृष्ट्या ह्यात हानी झाली हे नाकारण्याचे कारण नाही. शब्दांचे जुने पडसाद पुसले की भाषा स्वच्छ होते, पण काहीशी रिकामीही होते. स्टीफन्स ह्यांच्या ओवीत जे भरलेपण आहे ते येथे नाही. मराठी ख्रिस्ती समाजातही हे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. असे असूनही, पंडिता म्हणून गौरविलेल्या स्त्रीने आपले पांडित्य शेवटी न दिसण्यासाठी खर्च करावे, ह्यातील त्याग वाचकाच्या ध्यानात यावयास हवा.

आता शेवटचा आक्षेप. जिने दुसऱ्याचे जोखड नाकारले तिने केडगावात आपलेच राज्य नाही का उभारले? आपण आजीबाईंना विचारले तसे प्रश्न तिला विचारण्याची मोकळीक कोणा अनाथ मुलीला होती काय? हा आक्षेप रमाबाईंच्या थोरवीमुळे टळत नाही. शेकडो जिवांचे पोट आणि शिस्त जिच्या हाती, तिचा शब्द आज्ञाच ठरतो. पण ह्या आक्षेपाचे साधनही त्यांनीच त्या मुलीच्या हाती ठेवले, असे म्हणावे लागते. मनुष्याहून देवाचे ऐकावे, हे पेत्राने अधिकाऱ्यांना दिलेले उत्तर आता तिला तिच्याच बोलीत वाचता येत होते. त्या पुस्तकाच्या मापाने ती पाद्र्याला मोजू शकत होती, मिशनला मोजू शकत होती आणि मनात आणले तर रमाबाईंनाही.

आज्ञा देणारे ग्रंथ जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या नावाने आज्ञा देणारे त्याहून अधिक. भाषांतरकार बहुधा आज्ञा करणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो. शब्द अचूक उतरला की आपले काम संपले असे त्याला वाटते. केडगावच्या छापखान्यात जे घडले त्यात भाषांतरकार उठून ऐकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसला. कळण्याआधी पाळावयास लावू नये, हे वाँटेजच्या पत्रांतील रमाबाईंचे मागणे होते. स्वतःला ज्यासाठी भांडावे लागले ते त्यांनी जात्यावर दळणाऱ्या बाईला न भांडता मिळवून दिले.