पानहू : कुलपुरुष झालेला श्वान

कुत्र्याविषयी माणसाचे मन कधीच एकविध नव्हते. आपल्याकडे सरमा ही देवशुनी इंद्राची दूती होते, महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराज स्वर्गाच्या दारातही श्वानाचा त्याग करीत नाही, श्रीदत्तात्रेयांच्या चरणांशी चार श्वान चार वेदांच्या रूपाने उभे राहतात. आणि तरीही भांडणात कोणाला हिणवावयाचे झाले की ह्याच प्राण्याचे नाव आपल्या ओठांवर येते. हा दुजाभाव केवळ आपल्या भूमीतला नव्हे. आपल्या ईशान्येच्या विशाल शेजाऱ्याच्या, म्हणजे चीनच्या, कथांतून आणि लोकसमजुतींतून तो सहस्रावधी वर्षे वावरत आला आहे. आणि तेथे तर त्याने काही मानवसमूहांच्या प्रतिष्ठेचा व पोटापाण्याचाही प्रश्न निर्माण केला.

चिनी संस्कृतीत कुत्रा प्रथम भेटतो तो रक्षक म्हणून, आणि ही रक्षकाची चाकरी त्याला बहुधा प्राण देऊनच करावी लागे. आन्यांग येथे शांग राजांच्या राजधानीचे उत्खनन १९२८ साली सुरू झाले. तेथील अनेक थडग्यांत प्रेताच्या कमरेखाली एक लहानसा खड्डा खणलेला आढळला आणि त्यात कुत्र्याचा सांगाडा होता. धन्याची राखण परलोकातही व्हावी हा त्यातला हेतू असावा. पुढे इसवी सनापूर्वी ६७६ साली छिन राज्याच्या अधिपतीने रोगराईचे अरिष्ट टाळण्यासाठी कुत्र्यांचे बळी दिल्याची नोंद इतिहासकार सिमा छ्येन ह्याने केली आहे. ‘अर्पण करणे’ ह्या अर्थाच्या जुन्या चिनी लिपिचिन्हात तर कुत्र्याचे चिन्ह आजही दडलेले दिसते.

कालांतराने जिवंत कुत्र्याच्या जागी गवताचा कुत्रा आला. पूजेपूर्वी त्याला जरतारी वस्त्रात गुंडाळून पेटीत जपून ठेवीत. पूजा आटोपली की तोच वाटेवर पडे, येणारेजाणारे त्याला तुडवीत आणि अखेर तो चुलीत जाई. प्राचीन ताओवादी तत्त्वज्ञांनी ह्या गवती कुत्र्याचा दृष्टान्त घेऊन, सृष्टी कोणाचेही विशेष लाड करीत नाही, हा विचार मांडला. मानाचे आणि अवमानाचे अंतर किती थोडे असते, हे सांगावयास ह्याहून समर्पक प्रतिमा शोधूनही सापडणार नाही.

पृथ्वीवरचा कुत्रा राखण करतो, तर आकाशातला कुत्रा चोरी करतो. ‘थ्येनकोउ’, म्हणजे आकाशश्वान, हा सूर्यचंद्रांना गिळतो आणि म्हणून ग्रहण लागते, अशी चिनी लोकांची समजूत होती. ग्रहणकाळी ढोल, झांजा व घरातली भांडी बडवून त्या श्वानाला पळवून लावीत. आपल्याकडे हे काम राहूचे. मौज अशी की हा आपला राहूही चीनमध्ये जाऊन पोहोचला होता. थांग राजवंशाच्या दरबारी ज्योतिषाचे काम पाहणाऱ्या गौतम सिद्ध ह्या भारतीय वंशाच्या पंडिताने ७१८ साली ‘नवग्रह’ नावाची भारतीय गणनापद्धती चिनी भाषेत उतरविली. तिच्यात ग्रहणाचे गणित आहे आणि राहूही आहे. पंडितांना गणित कळले, तरी सामान्य जनांनी आपला श्वान सोडला नाही. हाच आकाशश्वान तान्ह्या मुलांनाही पीडा देतो अशी भीती असे. म्हणून त्याच्यावर शरसंधान करणाऱ्या चांग श्येन ह्या देवाचे चित्र शयनगृहात लावीत.

मुलांना वाचविण्याचा आणखी एक उपाय कुत्र्याच्याच आधाराने करीत. नवसासायासाने झालेल्या मुलाला ‘कुत्र्याचे पिल्लू’ किंवा ‘कुत्र्याचे उष्टे’ अशा अर्थाचे नाव ठेवावयाचे, म्हणजे दुष्ट शक्तींना त्याचा मोह पडणार नाही. आपल्या धोंडूचे आणि दगडूचे नाव ज्या भयातून आले, त्याच भयाचा हा चिनी अवतार होय. उलट, परके कुत्रे आपण होऊन दारी आले तर त्या घरी संपत्ती येते, असाही समज आहे. दक्षिणेकडील कित्येक डोंगरी जमातींत तर अशी कथा सांगतात की भाताचे पहिले बी माणसाला कुत्र्यानेच शेपटीला चिकटवून आणून दिले. म्हणून नव्या तांदळाचा पहिला घास ते कुत्र्याला घालतात.

परंतु ह्या सर्व कथांत श्रेष्ठ कथा पानहूची. चौथ्या शतकातील गान बाओ ह्याच्या अद्भुतकथांच्या संग्रहात आणि पाचव्या शतकात फान ये ह्याने लिहिलेल्या उत्तरकालीन हान राजवंशाच्या इतिहासात ती आली आहे. राजवाड्यातील एका वृद्धेच्या कानातून वैद्याने एक किडा काढला. तिने तो भोपळ्यात ठेवून वर थाळी झाकली, तो त्याचा पंचरंगी कुत्रा झाला. थाळी आणि भोपळा ह्या दोन शब्दांवरून त्याचे नाव पडले पानहू. त्या काळी सम्राट गाओशिन शत्रूंच्या स्वाऱ्यांनी त्रस्त झाला होता. शत्रूच्या सेनापतीचे शिर आणून देईल त्याला सुवर्ण, जहागीर आणि आपली कन्या देईन, अशी दवंडी त्याने पिटविली. एके दिवशी पानहू ते शिर तोंडात धरून दरबारात हजर झाला.

सम्राट पेचात पडला. कुत्र्याला कन्या द्यावयाची कशी? कथेची खरी नायिका येथे पुढे येते. राजाने दिलेला शब्द मोडता कामा नये, असे राजकन्येने स्वतःच बापाला बजावले आणि ती पानहूबरोबर निघाली. पानहूने तिला पाठीवर घेऊन दक्षिणेच्या दुर्गम पर्वतांत नेले. तेथे त्यांना सहा मुलगे व सहा मुली झाल्या, आणि त्यांचाच वंश पुढे डोंगरभर पसरला. याओ आणि शे ह्या दोन जमाती आपले मूळ पानहूपाशी नेऊन भिडवितात. शे लोकांत कथेचा निराळा धागा आहे : सात दिवस सुवर्णघंटेखाली झाकून ठेवल्यास पानहू माणूस होणार होता, पण सहाव्याच दिवशी कोणी उतावळेपणाने घंटा उचलली आणि धड मनुष्याचे होऊनही मस्तक श्वानाचेच राहिले.

आता ह्या कथेकडे दोन बाजूंनी पाहावे. राजधानीतील लेखनिकाच्या दृष्टीने ती एका रानटी जमातीच्या हीन उत्पत्तीची कथा होती. याओंच्या दृष्टीने मात्र ती एका पराक्रमाची आणि एका कराराची कथा होती. पित्याने राज्य वाचविले आणि माता सम्राटाची कन्या, ह्या कारणाने त्यांच्या शेतीवर व व्यापारावर कर नसे आणि नाक्यावर त्यांना परवाना लागत नसे, हे फान येच्याच इतिहासात नमूद आहे. पुढे याओंनी हा हक्क चिनी लिपीतील लांबलचक सनदांत लिहून ठेवला. डोंगरउतार कसावा, सारा देऊ नये, वेठ करू नये, नावेचे उतारू भाडे देऊ नये, अधिकाऱ्यापुढे गुडघे टेकू नयेत, अशी कलमे त्यांत आढळतात. अनेक प्रतींवर १२६० हे वर्ष असले, तरी हाती असलेल्या प्रती बहुतांशी नंतरच्या आहेत, असे अभ्यासक मानतात.

थांग काळातील विद्वान दू योउ ह्याने ८०१ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या कथेवर आक्षेप घेतले. कथेतील सोन्याचे माप आणि जहागिरीची रीत त्या पुराणकाळात अस्तित्वातच नव्हती, हे त्याने दाखविले. टीका बिनतोड होती. परंतु ज्याच्या घरात सनद आहे त्याच्या लेखी प्रश्न सोन्याच्या मापाचा नव्हता. उद्या कारकून सारा मागावयास आला तर त्याला काय दाखवावयाचे, हा होता.

कारकुनाची लेखणी मात्र आपले काम करीतच होती. ‘याओ’ हे नाव चिनी लिपीत लिहिताना त्याला श्वापदाचे चिन्ह जोडण्याची प्रथा शतकानुशतके चालली. ज्या श्वानाचा याओंना अभिमान, तोच त्यांच्या नावापुढे शिवी होऊन बसला. १९३९ साली तत्कालीन राष्ट्रवादी सरकारने अशी चिन्हे काढून टाकण्याचा नियम केला, आणि १९४९ नंतरच्या राजवटीत ‘याओ’ ह्या शब्दासाठी मौल्यवान हरितमण्याचे चिन्ह रूढ झाले.

नावातून श्वान गेला. पण घरातून गेला नाही. परंपरेने चालणाऱ्या अनेक याओ व शे घराण्यांत कुत्र्याचे मांस निषिद्ध मानतात. शे लोक पितृपूजेच्या वेळी कुलपुरुषाची कथा रंगविलेले लांब चित्रपट उलगडतात. याओंच्या काही शाखा व्हिएतनाम, लाओस व थायलंडच्या डोंगरांत उतरल्या, आणि १९७५ नंतर लाओसमधील काही कुटुंबे निर्वासित होऊन अमेरिकेपर्यंत गेली. बारा कुळांची आठवण त्यांनी बरोबर नेली.

लोककथा खरी की खोटी, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. परंतु ती कोणाच्या तोंडी आहे आणि तिच्यावाचून त्याचे काय अडते, हेही त्याने विचारावे. पानहूच्या कथेत शिर आणणारा श्वान जितका मोलाचा, तितकीच ‘दिलेला शब्द पाळा’ असे सम्राटाला सुनावणारी त्याची कन्याही मोलाची आहे. डोंगरातल्या दुबळ्या माणसांनी ही कथा दीड हजार वर्षे जतन केली ती नुसत्या कौतुकापोटी नव्हे. राज्याने आपल्याला एकदा शब्द दिला होता, ह्याचा दुसरा कोणताही पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.