कारवानी आणि पश्मी

आजऱ्यावर पूर्वी इचलकरंजीकर घोरपड्यांची जहागीर होती. मुधोळचे घोरपडे ते निराळे. आज गोष्ट आहे ती या मुधोळकरांच्या कुत्र्यांची.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निगुतीने वाढविली, आणि तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली असे सांगतात. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव झाले. खेड्यापाड्यांत मात्र तो कारवानीच! २००५ साली त्याचे टपाल तिकीटही निघाले.

त्याचाच भाऊबंद पश्मी. अंगलट तीच: लांब तोंड, खोल छाती, पोट आत गेलेले. पण कारवानीचे केस आखूड, तर पश्मीच्या कानांवर, पायांवर, शेपटीवर रेशमासारखी झालर. दोघेही वास काढीत जाणारे नव्हेत. ससा नजरेने हेरून वाऱ्यासारखे सुटणारे.

आता घरी कोणता पाळावा? पश्मी देखणा खरा. पण आपल्याकडचा पाऊस आठवा. चिखलात भरलेली ती झालर रोज कोण विंचरणार? इथे कारवानीच बरा. दोघेही घरच्यांना जीव लावतात, परक्याला जवळ येऊ देत नाहीत.

पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, धाव मात्र रक्तात राहिली. बांधून ठेवलात तर तो झुरतो, चिडतो. मोकाट सोडलात तर शेजाऱ्याच्या शेळीमागे लागतो. रोज तासभर, कुंपणाच्या आत, धावायला जागा देता येत असेल तरच आणा. नुसती राखणच हवी असेल, तर आपला गावठी काय वाईट आहे?