लाँगलाइन मासेमारीतील समुद्रपक्ष्यांचे मृत्यू व त्यांचा प्रतिबंध

लाँगलाइन मासेमारीतील समुद्रपक्ष्यांचे मृत्यू व त्यांचा प्रतिबंध : लांब मुख्य दोरीला उपदोऱ्या बांधून व त्यांच्या टोकांच्या गळांना आमिष लावून ट्यूना (कुपा), तलवार मासा, टूथफिश इ. मासे धरताना समुद्रपक्षी अपघाताने मरतात. ते मृत्यू आणि ते टाळण्याचे उपाय यांचा विचार या विषयात होतो. खोल समुद्रातील मोठ्या जहाजाची मुख्य दोरी १०० किमी.पर्यंत भरू शकते व तिच्यावर हजारो गळ असतात. दोरी जहाजाच्या मागून सोडली जात असता आमिष काही काळ पृष्ठभागाजवळ राहते. तेवढ्यात अल्बाट्रॉस किंवा पेट्रेल त्यावर झडप घालतो, गळात अडकतो आणि बुडणाऱ्या दोरीबरोबर ओढला जाऊन मरतो. ऑस्ट्रेलियन संशोधक नायजेल ब्रदर्स यांनी १९९१ मध्ये दक्षिण महासागरातील जपानी ट्यूना जहाजांवर वर्षाला सुमारे ४४,००० अल्बाट्रॉस मरत असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. जगभरातील लाँगलाइन मासेमारीत वर्षाला किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरत असावेत, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भटका अल्बाट्रॉस साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास वीण सुरू करतो आणि एका विणीत एकच अंडे घालतो. पिल्लू वाढवण्यात यशस्वी झालेली जोडी पुन्हा अंडे घालते ती एक वर्षाआड. अशा जातीत प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण थोडे वाढले तरी नव्या पिढीकडून ती तूट भरून येत नाही.

प्रतिबंधाची साधने साधी आहेत. जहाजाच्या मागे उंच खांबावरून रंगीत पट्ट्या लावलेली दोरी सोडली की पक्षी आमिषापासून दूर राहतात. ही युक्ती जपानी मच्छीमारांचीच आहे. उपदोरीला गळाजवळ वजन बांधले की आमिष लवकर बुडते, आणि रात्री दोरी सोडली की दिवसा चरणारे बहुतेक अल्बाट्रॉस टळतात. मात्र प्रत्येक उपायात एक फट आहे. पौर्णिमेच्या सुमारास रात्रीचा आडोसा कमी होतो. पांढऱ्या हनुवटीचा पेट्रेल तर रात्रीही चरतो आणि दहा मीटरहून खोल बुडी मारून आमिष वर आणतो, मग ते अल्बाट्रॉसच्याही आवाक्यात येते. आडव्या वाऱ्यात पट्ट्यांची दोरी बाजूला सरकते. म्हणून अल्बाट्रॉस व पेट्रेल यांच्या संरक्षणाचा २००४ मध्ये अमलात आलेला आंतरराष्ट्रीय करार ट्यूनासारख्या मासेमारीसाठी हे तिन्ही उपाय एकाच वेळी वापरण्याची शिफारस करतो. आमिष खोल जाईपर्यंत गळाचे टोक झाकून ठेवणारे उपकरण हा त्यांना पर्याय मानला जातो.

साधने सिद्ध असूनही पक्षी मरतात, याचे मुख्य कारण तंत्राच्या उणिवेपेक्षा देखरेखीच्या अभावात शोधले पाहिजे. दक्षिण जॉर्जिया बेटाभोवतीच्या टूथफिश मासेमारीत १९९६-९७ च्या हंगामात सुमारे ५,७०० पक्षी मेल्याचा अंदाज होता. काही वर्षांतच हा आकडा शंभराच्या खाली आला. तेथे अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या आयोगाने रात्रीची सोडणी, वजने व पट्ट्यांची दोरी सक्तीची केली, पक्ष्यांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवली आणि प्रत्येक जहाजावर निरीक्षक बसवला. याउलट हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २५° दक्षिण अक्षांशाखाली तीनपैकी दोन उपाय बंधनकारक केले, पण निरीक्षणाची अट किमान ५ टक्क्यांची ठेवली. उरलेल्या दोरी-सोडणीत नियम पाळला गेला की नाही, हे मुख्यतः जहाजाच्या स्वतःच्या नोंदवहीवरून ठरते. भारत या आयोगाचा सदस्य आहे. भारतीय मासेमारी अल्बाट्रॉसच्या पट्ट्याच्या बरीच उत्तरेला होत असली, तरी नियम ठरवताना भारताचे मत मोजले जाते.

पक्षीच कमी उरले म्हणून मृत्यूही घटले असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण अलास्कात १९९९-२००० मध्ये झालेल्या चाचण्यांत पट्ट्यांच्या दोऱ्या लावून आणि न लावता केलेल्या सोडणीची त्याच हंगामात तुलना झाली. पट्ट्यांची जोडी वापरल्यावर पृष्ठभागावर झडप घालणाऱ्या पक्ष्यांचे अडकणे ८८ ते १०० टक्क्यांनी घटले, आणि माशांची पकड कमी झाली नाही. पक्ष्यांची संख्या घटणे हे या फरकाचे कारण असू शकत नाही. खर्चाच्या आक्षेपालाही यातच उत्तर आहे : पक्ष्याने पळवलेल्या आमिषाला मासा लागत नाही, त्यामुळे पक्षी दूर ठेवणे मच्छीमाराच्याही हिताचे ठरते. वजनांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ताणलेली दोरी तुटल्यास शिशाचे वजन उसळून खलाशी जखमी होऊ शकतो. तेथे दोरी तुटताच घसरून सुटणारी वजने वापरावीत; वजने वगळून हा धोका पक्ष्यांवर ढकलण्याचे कारण नाही. हवामानबदल किंवा गॉफ बेटावर पिल्ले खाणारे उंदीर हेही ऱ्हासाची कारणे आहेत, हे खरे. पण त्यांच्यावरील इलाज महाग किंवा दूरचे आहेत, तर गळावरील मृत्यू येत्या हंगामातच रोखता येतात.

दक्षिण जॉर्जियाच्या यशालाही मर्यादा आहे. बेटाभोवतीचे मृत्यू जवळजवळ थांबल्यानंतरही तेथील भटक्या अल्बाट्रॉसची संख्या घटत राहिली. हे पक्षी खाद्यासाठी हजारो किलोमीटर फिरतात आणि देखरेख तोकडी असलेल्या ताफ्यांच्या पट्ट्यात शिरतात. एका आयोगाचा कडक नियम दुसऱ्याच्या ढिलाईची भरपाई करू शकत नाही. त्यामुळे नवे उपकरण येण्याची वाट पाहण्याआधी खुल्या समुद्रातील ट्यूना आयोगांनी निरीक्षणाची किमान मर्यादा वाढवणे, जेथे माणूस बसवता येत नाही तेथे जहाजावर कॅमेरे लावणे आणि दोरी सोडण्याची वेळ उपग्रहाकडून मिळणाऱ्या जहाजाच्या स्थितीशी ताडून पाहणे, ही कामे अग्रक्रमाने व्हायला हवीत. परवान्याचे नूतनीकरण या पडताळणीवर अवलंबून ठेवले, तर नियम पाळणाऱ्या जहाजाला तो न पाळणाऱ्याशी असमान स्पर्धा करावी लागणार नाही.