दोन पलटणींचा जमाखर्च

लढायांची वर्णने इतिहासात विपुल सापडतात. परंतु पलटणी किती लागतील आणि किती उभ्या करता येतील, हा हिशेब मांडणाऱ्यांची आठवण क्वचितच कोणी काढतो. ब्रिटनचे युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांनी १८७२ साली असा एक हिशेब मांडला. त्याची मुळे आणि त्याचा खर्च या दोहोंचा संबंध हिंदुस्थानशी आहे.

१८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या पील आयोगाने १८५९ मध्ये सल्ला दिला की, बंगालमध्ये दर दोन देशी शिपायांमागे एक गोरा सैनिक असावा व मुंबई-मद्रास इलाख्यांत दर तिघांमागे एक. अशा रीतीने ब्रिटिश पलटणींची मागणी परचक्राच्या भयापेक्षा देशी सैन्यावरील अविश्वासाने ठरली, आणि म्हणून ती कायमची झाली.

ही मागणी पुरवावी कशी? १८७० च्या कायद्याने सैनिकाने सहा वर्षे पलटणीत व सहा वर्षे राखीव दलात काढावीत असे ठरले. पुढे कार्डवेलने राजरक्षक दल वगळून पायदळाच्या १४१ पलटणींच्या जोड्या लावल्या. जोडीतील एक पलटण समुद्रापार राहील. दुसरी मायदेशी राहून नवे जवान तयार करील व पहिलीची तूट भरून काढील. ७१ बाहेर, ७० घरी! कागदावर तोल उत्तम साधला होता.

पण या कोष्टकात युद्धाला जागा नव्हती. १८७९ मध्ये अफगाण व झुलू ही दोन्ही युद्धे एकदम चालू असता बाहेर ८२ पलटणी गेल्या आणि घरी ५९ उरल्या. चोविसाव्या रेजिमेंटच्या तर दोन्ही पलटणी दक्षिण आफ्रिकेत होत्या. इसांडल्वाना येथे २२ जानेवारी रोजी पहिलीचा बहुतांश संहार झाला, तेव्हा तिची तूट भरून काढणारी भावंड पलटण मायदेशी नव्हतीच. ज्या पलटणी घरी उरत, त्यांतही कोवळी पोरे व दुर्बळ माणसेच अधिक असत. पिळलेल्या लिंबाची उपमा त्यांना दिली जाई. तरीही १८८१ मध्ये ह्युग चिल्डर्स यांनी हीच जोडपद्धती अधिक घट्ट केली.

याहून मोठा प्रश्न पैशाचा होता. येथील गोऱ्या सैनिकांचा पगार तर हिंदुस्थान देतच असे. शिवाय विलायतेत त्यांच्या भरतीचा व शिक्षणाचा जो खर्च होई, त्यासाठीही माणशी आकारणी भरावी लागे. ज्या रयतेच्या करांतून हा पैसा जाई, तिला मागणीचा आकडा ठरविताना कोणी विचारले नव्हते. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी लष्करी खर्चाच्या या ओझ्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर छत्तीस वर्षे लोटली, तेव्हा कुठे १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या संरक्षणखर्चासाठी दरसाल १५ लाख पौंड देण्याचे मान्य केले.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियामधून जहाजावर चढली. हिंदुस्थानातून परतणारी ती अखेरची ब्रिटिश पलटण. मागणी संपली, त्याच सुमारास ब्रिटनमध्ये बहुतेक रेजिमेंटांच्या दुसऱ्या पलटणीही मोडीत निघाल्या.

मंजूर पदे आणि भरलेली पदे यांची कोष्टके रोज हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांना या हकीकतीत ओळखीचे पुष्कळ आढळेल. कार्डवेलची बेरीज चुकली नव्हती. मात्र मागणीचा रकाना भरला एकाने, आणि त्याचे मोल चुकविले दुसऱ्याने.