घड्याळाविरुद्धची शर्यत



मराठीच्या अध्यापनात हयात घालविलेल्या माणसाने सायकलच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु इतिहास हा केवळ राजांचा आणि तहांचा नसतो. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ‘नव्या काबिजादी’त गेले, हे आपण पाठ केले, येथील मुली सायकलवरून शाळेत केव्हा येऊ लागल्या, हे मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

रस्त्यावरील सायकलस्पर्धेचा एक प्रकार मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. इंग्रजीत त्यास ‘टाइम ट्रायल’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील ‘कोंत्रा-रेलोजिओ’, म्हणजे घड्याळाविरुद्ध, हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. यात घोळका नसतो. ठरावीक अंतराने एकेक स्पर्धक निघतो आणि दुसऱ्याच्या पाठीमागे राहून वारा चुकविण्यास सक्त मनाई असते. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते; म्हणून येथे उसना आधार नाही. जो कमी वेळात पोहोचेल तो विजयी. निवाडा घड्याळाचा.

या प्रकाराचा जन्म इंग्लंडमधला, तोही काहीसा चोरटा. पोलिसांचा आणि लोकांचा रोष नको म्हणून तेथील सायकलपटू भल्या पहाटे, काळे कपडे घालून, एकामागोमाग एक निघत आणि मार्गाचे नावही सांकेतिक ठेवीत. 1895 साली अशी पहिली शर्यत भरविणाऱ्यांत एफ. टी. बिडलेक हे गृहस्थ प्रमुख होते. त्याआधी दोनच वर्षे, 1893 मध्ये, टेसी रेनॉल्ड्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने ब्रायटन ते लंडन आणि परत हे अंतर सुमारे साडेआठ तासांत कापले होते. तिने घातलेली विजार आणि तिची ही दौड, दोन्ही बिडलेकसाहेबांना मुळीच रुचली नव्हती. घड्याळाला एकमेव पंच मानणाऱ्या माणसाला मुलीच्या बाबतीत घड्याळ पुरेसे वाटले नाही, ही मौजच म्हणावयाची.

या सगळ्यास खरे उत्तर मिळाले ते 1967 साली, यॉर्कशायरमध्ये. बेरिल बर्टन या बाईंना लहानपणी संधिज्वराने दीर्घकाळ अंथरुणास खिळविले होते, आणि जड श्रम करू नयेत असे वैद्यांनी बजावले होते. पुढे त्यांनी शेतमळ्यावर अंगमेहनतीचेच काम केले. त्या वर्षी बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी 277.25 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर अंतर तोडले. पणजीहून पुणे जवळपास इतकेच. त्याच शर्यतीत माइक मॅकनमारा पुरुषांचा नवा उच्चांक करीत होता. त्याचे अंतर भरले 276.52 मैल. बाईंनी त्याला मागे टाकले आणि जाता जाता ज्येष्ठमधाची गोळी पुढे केली. ही गोळीची कथा क्रीडावाङ्मयात फार रंगवून सांगितली जाते. मला तिच्यापेक्षा मैलाचा तो पाऊण अंश अधिक बोलका वाटतो. पुरुषांचा उच्चांक त्या आकड्याच्या पुढे गेला 1969 मध्ये, आणि स्त्रियांचा 2017 मध्ये. मध्ये अर्धे शतक गेले.

एवढे होऊनही जागतिक अजिंक्यपदात ही शर्यत आली ती 1994 साली, सिसिलीत. तेव्हा बर्टनबाई 57 वर्षांच्या होत्या. अमेरिकेच्या कॅरन कुरेक पहिल्या विजेत्या ठरल्या. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुरुषांना 52.2 किलोमीटर आणि स्त्रियांना 26.1. अगदी बरोबर निम्मे! बारा तास सायकल हाकणाऱ्या बाईचा दाखला समोर असताना हा निम्मेपणा कोणत्या गणिताने आला असेल? 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातील जागतिक स्पर्धेत आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोघांनाही सारखेच अंतर मिळाले. पॅरिसला ते 32.4 किलोमीटर होते आणि ग्रेस ब्राउन विजयी झाल्या.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे आणि संगमनेरची प्रणिता सोमण यांनी महाराष्ट्राच्या मुलींचे नाव राष्ट्रीय सायकलिंगमध्ये नेले. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023 मध्ये 37 व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा ट्रॅकवरील सायकल शर्यती दिल्लीस न्याव्या लागल्या. परंतु घड्याळाविरुद्धच्या शर्यतीस ट्रॅक लागत नाही. मोकळा, मोजलेला रस्ता पुरतो. अडचण नेमकी तीच आहे. डिचोलीच्या रस्त्यांवर 2012 मध्ये खाणी थांबेपर्यंत खनिजाच्या ट्रकांची रांग असे. अशा तांबड्या धुळीत मुलीला सायकलवर पाठविण्यास कोणते आईबाप तयार होतील? पेडण्यात महामार्ग रुंद झाला, मोपाच्या विमानतळाकडे जोडरस्ता गेला, आणि वाहनेही वाढली.

म्हणून येथील व्यायामशिक्षकांना माझी एक विनंती आहे. पोलिसांची परवानगी घेऊन एखाद्या रविवारी पहाटे, तासभर रहदारी थांबवून दहा किलोमीटरचा रस्ता मोजून घ्यावा. मुलामुलींना एकेक मिनिटाच्या अंतराने सोडावे. वेळ लिहिण्यासाठी एक वही ठेवावी, आणि मुलगे व मुली यांची नावे तिच्या एकाच पानावर लिहावीत.