आरोग्य सदर : गुदद्वाराजवळचे गळू आणि भगंदर

मंडळी, ज्या दुखण्याबद्दल घरातही बोलायला संकोच वाटतो, त्याची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

गळू : गुदद्वारातील बारीक ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन पू साठतो. ठणका लागतो, बसवत नाही, कधी ताप येतो. पुष्कळ जण मूळव्याध समजून मलम लावतात आणि 'सुट्टीत भारतात गेल्यावर बघू' म्हणतात. असे थांबू नका. साठलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही, चीर देऊन काढावा लागतो. ताप किंवा मधुमेह असेल तर अबुधाबीतच, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

भगंदर : पू निघाल्यावरही काहींना आत-बाहेर जोडणारी नळी राहते व स्राव होत राहतो. ही शस्त्रक्रिया बहुधा सवडीने ठरवता येते. भारतात जाऊन क्षारसूत्र करायचे असल्यास लक्षात ठेवा, दोरा साधारण दर आठवड्याला बदलतात. महिन्याची रजा पुरेलच असे नाही.

शस्त्रक्रियेनंतर :
१. दिवसातून ३-४ वेळा १०-१५ मिनिटे कोमट पाण्यात बसा. उन्हाळ्यात इथे नळालाच कढत पाणी येते, आधी हात घालून पाहा.
२. इसबगोल, पालेभाज्या, भरपूर पाणी घ्या. कुंथू नका.
३. जखम बऱ्याचदा उघडीच ठेवतात. भरायला काही आठवडे लागतात, थोडा स्राव होतोच. ताप, वाढता ठणका किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना गाठा.
४. कोडीन, ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय भारतातून आणू नका. इथे त्यांवर कडक निर्बंध आहेत.

लाजेपायी दुखणे अंगावर काढू नका, एवढीच आमची विनंती.