मुठीतलं माप

खताचा इतिहास म्हटला की कारखान्यांची नावं पुढे येतात. जर्मनीत ओपाऊला १९१३ साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनू लागला. आपल्याकडे १९५१ साली सिंद्रीचा कारखाना चालू झाला, १९६५ साली मुंबईत ट्रॉम्बेचा. पण पोत्यातलं खत रानात सारखं पसरलं कुणी? तो इतिहास हातांचा आहे, आणि बराचसा बायकांच्या हातांचा.

आमच्या सटाण्याकडे ही गोष्ट पोत्याच्या फार आधी सुरू होते. शेजारच्या साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. पीक निघालं की शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घेतो, बदल्यात धान्य नाही तर पैसे देतो. रात्री कळपाभोवती वाघूर, म्हणजे जाळी, लावायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या तुकड्यावर न्यायची. जाळी एकाच जागी जास्त राहिली की तिथलं पीक नुसतं माजतं आणि वाऱ्यात आडवं पडतं. शेणखताचंही तसंच. मोजक्या पावलांवर ढीग टाकायचे, मग विस्कटायचे. ढिगांमधलं अंतर हेच माप.

पाभरीमागे चाड्यावर मूठ धरायची ती बहुधा बाई. बैलांच्या चालीबरोबर मूठ सैल सोडायची, सगळ्या नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. पुढे दोन चाड्यांची पाभर आली, एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. कृषी खात्यानं तिची पुष्कळ शिफारस केली, कारण खत मुळाजवळ ओळीत पडतं.

उभ्या पिकात मात्र फोकणंच. माझी अम्मी मजुरीनं खत फोकायला जायची. तिचा हिशेब साधा होता. खताचे दोन वाटे करायचे, एक उभं चालत फोकायचा, दुसरा आडवं. खत थोडं असेल तर कोरडी माती मिसळायची, म्हणजे मूठ भरते. एवढं करूनही कुठं चुकलंच तर काही दिवसांनी रानात हिरवे-पिवळे पट्टे दिसत आणि बोलणी तिला बसत. हाताच्या भेगांत युरिया चरचरायचा, ते वेगळंच.

आमच्या गावात देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटला. वाटणाऱ्याला सटाणा विसरत नाही. खत वाटणाऱ्या बायांची नोंद मात्र फार तर मजुरीच्या वहीत.

आता ट्रॅक्टरमागचं यंत्र आहे. तबकडी गरगर फिरते, खत दोन्ही बाजूंना उडतं. पण जाड दाणा लांब जातो, भुगा जवळच पडतो. मधे जास्त, कडेला कमी. म्हणून यंत्राच्या वाटेवर आडव्या ओळीत सारख्या आकाराची घमेली मांडायची, यंत्र फिरवायचं आणि प्रत्येकातलं खत वजन करायचं. त्यावरून पुढचा पट्टा आधीच्यावर किती चढवायचा ते ठरतं. अम्मीचं उभं-आडवं ते हेच, फक्त तिच्याजवळ काटा नव्हता.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत खत ठिबकच्या नळीतून जातं. तिथं मूठ नाही, घमेलंही नाही. नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तोटीखाली एकेक बाटली ठेवायची. सारख्याच वेळात शेवटची बाटली कमी भरली, तर शेवटच्या झाडाला खतही तेवढंच कमी मिळालेलं असतं.